देव थांबला आहे, आपणच घाईत आहोत

(पालखी सोहळ्यात भंडीशेगाव मुक्कामी झालेले निरूपण, ध्वनिमुद्रणावरून)





उद्या बाजीराव विहिरीपाशी रिंगण. मग वाखरी. आणि परवा पंढरी. मधे एकच मुक्काम राहिला. म्हणजे आता कसं झालंय बघा, दिवे घाट चढताना जे बाबा दर दहा पावलांवर म्हणत होते, "अरे थांबा रे जरा, दम लागला," तेच बाबा आज सगळ्यांच्या पुढं चालत होते. पायाला फोड आहेत, गुडघा सुजलाय, पण चाल वाढली. पंढरी जवळ आली की पाय ऐकत नाहीत. हे चांगलं आहे. ही ओढ आहे. ओढ नसती तर आपण आळंदीलाच बसलो असतो.

पण माउली, ओढ आणि घाई या दोन सख्ख्या बहिणी दिसतात. लांबून ओळखू येत नाहीत. आज मला तुमच्याशी या घाईबद्दल बोलायचं आहे. आणि खरं सांगू का, दुसऱ्याचं सांगण्याआधी माझं स्वतःचं सांगितलं पाहिजे. व्यासपीठावर बसून दुसऱ्याचे दोष काढणं फार सोपं असतं.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका गावात सप्ताह होता. माझं कीर्तन रात्री होतं, नवाचं. आम्ही निघालो उशिरा. जीप, सोबत मृदंगवाला, दोन टाळकरी. वाटेत फोनवर फोन. "महाराज, कुठपर्यंत आलात? मंडप भरलाय. लोक बसलेत." मी ड्रायव्हरला म्हणतोय, "चल बाबा, दाब जरा."

संध्याकाळ संपत आली होती. एका वळणावर रस्त्याच्या कडेला, किलोमीटरच्या दगडाला टेकून एक म्हातारी बसली होती. शेजारी गाठोडं. मान खाली. आमच्या जीपचा उजेड तिच्यावर पडला, तिनं हात थोडासा वर केला. हाक मारली असेल तर ती मला ऐकू आली नाही. मी बघितलं. हो माउली, मी बघितलं. दिसलं नाही असं मी म्हणणार नाही. ड्रायव्हरनं विचारलं, "महाराज, थांबू का?" आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "मागून गाड्या येतायत की. कुणीतरी घेईल तिला. आपल्याला उशीर झालाय."

त्या रात्री कीर्तनाचा विषय कोणता होता माहीत आहे? भूतदया!

(नामघोष)

हसू नका, मला अजून हसू येत नाही. कीर्तन फार रंगलं. नाथमहाराजांनी तहानलेल्या गाढवाला गंगेचं पाणी पाजलं, तो प्रसंग मी असा सांगितला की बायाबापड्या पदरानं डोळे पुसत होत्या. मला नारळ मिळाला, शाल मिळाली. परत येताना त्या वळणावर मी गाडी थांबवली. खाली उतरलो. दगड होता, म्हातारी नव्हती. कुणी नेलं, काय झालं, घरी पोचली की नाही, मला आजपर्यंत कळलेलं नाही. आणि आता कळायचंही नाही.

हे मी कुणाजवळ बोललो नव्हतो. पुढं एकदा घरी थोरल्या भावाची मुलगी आली होती. ती कॉलेजात मानसशास्त्र शिकते. रात्री जेवणं झाली, अंगणात बसलो होतो, आणि का कोण जाणे, मी तिला हे सांगितलं. मला वाटलं, पोरगी म्हणेल, "काका, असं कसं केलंत?" तर ती काय म्हणाली? "काका, तुमच्यावर हा प्रयोग आधीच झालाय. अमेरिकेत."

मी म्हटलं, अगं, मी तर पासपोर्टसुद्धा काढलेला नाही!

मग तिनं जे सांगितलं ते मी आज तुम्हाला सांगतो. विषय परदेशातला आहे, धर्म वेगळा आहे, पण माणूस तोच आहे. नीट ऐका.

अमेरिकेत प्रिन्स्टन म्हणून गाव आहे. तिथं ख्रिस्ती धर्मोपदेशक घडवणारी एक पाठशाळा आहे. आपल्याकडं आळंदीला मुलं वारकरी शिक्षण घेतात ना, तसंच समजा. पुढं जाऊन प्रवचनं करणारी मुलं. तिथं डार्ली आणि बॅटसन या दोन संशोधकांनी एक प्रयोग केला. १९७३ साली तो छापून आला.

त्यांच्या धर्मग्रंथात एक दृष्टान्त आहे. जेरुसलेमहून जेरिकोला जाणाऱ्या वाटेवर एका माणसाला चोरांनी लुटलं, मारलं, अर्धमेला टाकून दिला. एक पुरोहित आला, बाजूनं निघून गेला. दुसरा देवळातला सेवक आला, तोही गेला. तिसरा आला तो शोमरोनी, म्हणजे ज्यांना ते लोक आपल्यात धरत नसत त्यांच्यातला. तो थांबला. त्यानं जखमा बांधल्या, त्याला धर्मशाळेत नेलं, वर खर्चाचे पैसे दिले. फार सुंदर दृष्टान्त.

आता प्रयोग असा. चाळीस विद्यार्थी. एकेकाला बोलावून सांगायचं, "तुला पलीकडच्या इमारतीत जाऊन एक छोटं भाषण करायचंय." निम्म्यांना विषय दिला नोकरीधंद्याचा. आणि निम्म्यांना विषय दिला हाच, त्या दयाळू शोमरोन्याचा दृष्टान्त. मग कुणाला म्हणाले, "अजून वेळ आहे, सावकाश जा." कुणाला म्हणाले, "ते तयारच आहेत, निघ आता." आणि कुणाला म्हणाले, "अरे, तुला उशीर झाला! ते केव्हाची वाट बघतायत. पळ!"

आणि दोन इमारतींच्या मधल्या बोळात, एका दाराशी, एक माणूस मान टाकून बसवून ठेवलेला. डोळे मिटलेले. विद्यार्थी जवळ आला की तो खोकायचा, कण्हायचा. तो त्यांचाच माणूस होता, पण विद्यार्थ्याला ते माहीत नव्हतं.

काय झालं? ज्यांना सवड होती त्यांच्यातले शंभरात ६३ थांबले. ज्यांना थोडी घाई होती त्यांच्यातले ४५. आणि ज्यांना "उशीर झाला, पळ" म्हणून सांगितलं होतं त्यांच्यातले किती? शंभरात दहा. दहा, माउली!

आणि भाषणाचा विषय? दयेवर बोलायला निघालेला असो की नोकरीवर, त्यानं म्हणावा असा फरक पडला नाही. काही विद्यार्थी तर दयेवर बोलायला जाताना त्या कण्हणाऱ्या माणसाला ओलांडून गेले. ओलांडून!

पुतणीनं हे सांगितलं आणि मी गप्प बसलो. अंगणात अंधार होता म्हणून बरं. मला तो बोळ दिसत नव्हता, मला तो किलोमीटरचा दगड दिसत होता.

पण पोरगी हुशार. ती म्हणाली, "काका, अजून एक ऐका. ती मुलं निर्दय नव्हती. संशोधकांनीच लिहून ठेवलंय की त्यांच्यातले बरेच जण पुढच्या इमारतीत पोचले ते अस्वस्थ होऊन, घालमेल होत असलेले." म्हणजे काय? त्यांच्या मनात दया होती. दया जागी झाली होती. पण घाईनं तिचा हात धरला आणि फरफटत पुढं नेलं.

इथं शास्त्र काय सांगतं आणि संत काय सांगतात, ते एका जागी येतं बघा. आपल्याला वाटतं माणसं दोन जातीची असतात. एक दयाळू, एक निष्ठुर. आपण अर्थातच दयाळू! कुणी थांबला नाही की आपण म्हणतो, "काय माणूस आहे, माणुसकीच नाही." पण त्या बोळातनं गेलेल्यांची स्वभावपरीक्षा घेऊन नव्हतं ठरत कोण थांबणार ते. ठरत होतं ते घड्याळावर. म्हणून संत सारखं सांगतात, मनावर भरवसा टाकू नका, मनावर पहारा ठेवा. माझ्यात दया आहे एवढ्यावर निवांत बसू नका. ती दया वेळेला बाहेर येते का, ते बघा.

बरं, घाई हा एक शत्रू झाला. दुसरा शत्रू आपल्या वारीत फार मोठा आहे. तो म्हणजे गर्दी.

१९६४ साली न्यूयॉर्क शहरात रात्रीच्या वेळी एका तरुणीचा खून झाला. वर्तमानपत्रात आलं की ३८ जणांनी बघितलं आणि कुणी हललं नाही. पुढं कळलं, तो आकडा फुगवलेला होता. पण त्यावरून डार्ली आणि लाटाने या दोघांना प्रश्न पडला, आणि १९६८ साली त्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. कॉलेजातल्या मुलांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. एकमेकांचं तोंड दिसत नाही, यंत्रातून फक्त आवाज ऐकू येतो. बोलता बोलता पलीकडच्या एकाचा आवाज अडखळायला लागला, त्याला फेफरं आल्यासारखं झालं, तो मदत मागायला लागला. तो आवाज आधी भरून ठेवलेला होता, पण ऐकणाऱ्याला खराच वाटला.

ज्याला वाटत होतं, "हे ऐकणारा मी एकटाच आहे," त्या मुलांतले शंभरात ८५ उठले आणि मदतीला धावले. ज्यांना वाटत होतं, "माझ्याबरोबर आणखी एक जण ऐकतोय," ते ६२. आणि ज्यांना वाटत होतं, "आणखी चार जण ऐकतायत," ते फक्त ३१.

काय गंमत आहे बघा. आपल्याला वाटतं, माणसं जास्त म्हणजे मदत जास्त. झालं उलटं! पाच जण होते म्हणून जबाबदारी पाच ठिकाणी वाटली गेली, आणि प्रत्येकाच्या वाट्याला इतकी थोडी आली की उठावंसं वाटेना. "कुणीतरी करेल." आणि इथंसुद्धा न उठलेल्या मुलांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम सुटला होता. काळजी होती. पाय हलत नव्हते.

माझं वाक्य आठवा. "मागून गाड्या येतायत की. कुणीतरी घेईल तिला." घाई आणि गर्दी, दोन्ही त्या एका वाक्यात आहेत. आणि मागच्या गाडीतल्यानं काय म्हटलं असेल? "पुढच्यानं बघितलंच असेल की." म्हातारी मात्र तिथंच!

आता वारीत या. एवढा मोठा समुदाय. एखादी आजी रस्त्यावर बसली, तोंड पांढरं पडलंय. शंभर लोक बाजूनं जातात. प्रत्येक जण हात जोडतो, "माउली माउली" म्हणतो आणि पुढं जातो. पाया पडून पुढं जातो! आपण ओलांडून जात नाही, आपण नमस्कार करून जातो. एवढाच फरक. प्रत्येकाला वाटतं, तिच्या दिंडीतलं कुणीतरी असेल जवळ. आणि तिची दिंडी एक मैल पुढं गेलेली असते.

मग उपाय काय? सांगतो. तोही त्यांच्याच प्रयोगात आहे, आणि आपल्या संप्रदायातही आहे.

सॉलोमन अ‍ॅश नावाचे एक संशोधक होते. १९५० च्या सुमाराला त्यांनी एक साधा प्रयोग केला. एका कागदावर एक रेघ. दुसऱ्यावर तीन रेघा. या तिन्हींतली कोणती त्या पहिलीएवढी, एवढंच सांगायचं. पोर सांगेल इतकं सोपं. पण खोलीत बसलेल्यांपैकी एकच खरा, बाकी सगळे शिकवून ठेवलेले. ते एकामागून एक ठणकावून चुकीचं उत्तर देतात. मग याची पाळी येते. डोळ्यांना दिसतंय एक, सगळे सांगतायत दुसरं. एरवी एकट्याला विचारलं तर शंभरात एकदासुद्धा चूक होत नव्हती. इथं मात्र साधारण एक तृतीयांश उत्तरं सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून चुकीची आली.

आणि मग अ‍ॅशनी एक बदल केला. त्या शिकवलेल्यांच्यात एकच माणूस खरं बोलणारा ठेवला. एकच. बाकी सगळे तसेच. तर चुका किती झाल्या? आधीच्या चौथ्या हिश्शाएवढ्या. सगळी गर्दी तशीच होती हो, फक्त एक सोबती मिळाला!

याला आपण काय म्हणतो? याला आपण सत्संग म्हणतो. सत्संग म्हणजे हजार माणसं पाहिजेत असं नाही. खरं करणारा एक जण शेजारी असला की आपल्यालाही खरं करायचा धीर येतो. रस्त्यात एक जण वाकला की दहा जण थांबतात. कुणी पाणी आणतं, कुणी उपरण्यानं वारा घालतं. ती दहा माणसं दयाळू आधीपासून होतीच. ती फक्त पहिल्याची वाट बघत होती. तर माउली, आपण पहिलं व्हायचं. दुसरं होणं सोपं असतं.

नाथमहाराज असे पहिले होते. काशीहून गंगेची कावड खांद्यावर, जायचं रामेश्वराला. किती दिवसांची वाट, किती जपलेलं पाणी. आणि तापलेल्या वाळूत गाढव तडफडतंय. बरोबरचे लोक काय म्हणत असतील? तेच, जे आपण म्हणतो. पुढं चला. आपलं काम वेगळं आहे. हे पाणी देवाचं आहे. नाथमहाराजांनाही पोचायचं होतं, त्यांनाही ओढ होती. पण त्यांनी कावड खाली ठेवली. रामेश्वर तिथंच आला. ही गोष्ट मी त्या रात्री कीर्तनात सांगितली होती, आणि मला ती कळली अंगणात, पोरीच्या तोंडून.

आणि आता शेवटचं. ज्याच्यासाठी आपण चाललोय त्याच्याकडं बघा. पुंडलिकाच्या दारी पांडुरंग आला. पुंडलिक आईवडिलांचे पाय चेपत होता. त्यानं काय केलं? वीट फेकली आणि सांगितलं, यावर उभा राहा, माझी सेवा होऊ दे. आपण या गोष्टीत नेहमी पुंडलिकाचं कौतुक करतो. करायलाच पाहिजे. पण जरा देवाचंही बघा! वैकुंठाचा राणा, त्याला काय कामं कमी होती? तो म्हणाला नाही, "मला उशीर होतोय." तो उभा राहिला. कमरेवर हात ठेवून आजपर्यंत उभा आहे. दुसऱ्याची सेवा चालू होती म्हणून थांबलेला देव आहे हा! मग त्याच्या वाटेवर कुणासाठी थांबलात आणि दर्शनाला दोन तास उशीर झाला, तर तो रागावेल का? देव थांबला आहे, माउली. घाईत आपण आहोत.

तुम्ही म्हणाल, महाराज, दयेवर बोलायला निघालेली पोरंसुद्धा थांबली नाहीत, मग तुमचं हे ऐकून आमचं काय होणार? रास्त प्रश्न आहे. मीही पुतणीला हेच विचारलं. म्हटलं, मग मी कीर्तन कशाला करू? तर ती म्हणाली, "काका, १९७८ साली अमेरिकेत त्याचाही अभ्यास झाला. गर्दीत माणूस का थांबत नाही, हा विषय ज्या विद्यार्थ्यांना वर्गात समजावून सांगितला, ते पुढं दोन आठवड्यांनी पडलेल्या माणसापाशी, इतरांपेक्षा जास्त संख्येनं थांबले." म्हणजे नुसतं "दया करा" सांगून भागत नाही. दया कुठं अडते, कोण अडवतं, ते ओळखायला शिकवलं की ती पुष्कळदा सुटते. चोर कोणत्या खिडकीतनं येतो हे कळलं की माणूस ती खिडकी लावून झोपतो.

तर या दोन खिडक्या. मनात "उशीर झाला" आलं की ओळखा, ही घाई आली. मनात "कुणीतरी बघेल" आलं की ओळखा, ही गर्दी आली. त्या वेळी स्वतःला एवढंच म्हणायचं, "तो कुणीतरी मीच आहे."

आणि एक व्यवहाराची गोष्ट. कुणी पडलं तर "अरे, कुणीतरी पाणी आणा" असं ओरडू नका. कुणीतरी कधी आणत नाही. बोट दाखवा. "अहो, पांढऱ्या फेट्याचे बाबा, तुम्ही पाणी आणा. ताई, तुम्ही १०८ ला फोन लावा. दादा, तुम्ही चोपदारांना सांगा." ज्याच्याकडं बोट दाखवलं तो एकटा होतो, आणि एकटा माणूस उठतो, हे आपण आत्ता पाहिलं.

परवा पंढरीत शिराल. गर्दी ढकलेल. मागून रेटा येईल. शेजारी कुणाचा तरी हात थोडासा वर होईल, माझ्या त्या म्हातारीसारखा. फार वर नाही होणार. हाक ऐकू येणार नाही. तेवढा हात बघा. मी एकदा बघितला आणि पुढं गेलो, आणि तो हात अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. दरवर्षी कळसाला हात जोडताना मी पांडुरंगाला एकच मागतो, की बाबा, पुन्हा एकदा ती वेळ येऊ दे, आणि या वेळी मला उतरव.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल. श्री ज्ञानदेव तुकाराम. पंढरीनाथ महाराज की जय.